रिश्टन क्लबचे नोकरदार : सुभाष गुप्ते



युनियनच्या माणसाला व्याख्यानाला बोलावले म्हणजे तो बोनसवर नाही तर कंत्राटी कामगारांवर बोलणार, असे लोक धरून चालतात. चालकांनी मला इतिहासावर बोला असे सांगितले आणि विषय माझ्यावर सोपवला. मी एका क्रिकेटपटूचे नाव कळवले. तेव्हा त्यांच्यापैकी एकाने विचारले, "साहेब, हे इतिहासात बसते का?" मी म्हटले, बसते. ज्या माणसाने मजुरी घेऊन काम केले, करार केला, मालकाशी ज्याचे वाजले आणि ज्याला चौकशीत न्याय मिळाला नाही, त्याची हकीकत कामगारांच्या इतिहासात नाही बसायची तर कुठे बसायची? त्याच्या हातात धोट्याऐवजी चेंडू होता, एवढाच काय तो फरक.

हा माणूस म्हणजे सुभाष पंढरीनाथ गुप्ते. जन्म मुंबईचा, ११ डिसेंबर १९२९ चा. भारतातर्फे ३६ कसोटी सामने खेळले आणि १४९ बळी घेतले. चेंडू मनगटाने फिरवणारे, लेगस्पिन टाकणारे गोलंदाज. अंगकाठी लहान. चेंडू हवेत उंच सोडायचे आणि फलंदाजाला मोह घालायचे. गुगली त्यांच्याकडे एक नव्हे, दोन होत्या. एक फलंदाजाला ओळखू यावी म्हणून टाकायची आणि दुसरी ओळखू येऊ नये म्हणून. गॅरी सोबर्स यांनी जगभरचे लेगस्पिनर पाहिले, शेन वॉर्नही पाहिला, तरी शेवटपर्यंत त्यांनी गुप्त्यांनाच वरचे पान दिले. ही झाली ओळख. त्यांच्या आकड्यांवर बोलणारे जाणकार पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे ते त्यांच्या नोकरीवर.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत विणकर होते. १९८२ च्या संपानंतर आमचे बिऱ्हाड मुंबईतून उठले आणि इकडे आले, तुमच्यापैकी अनेकांचे आले तसेच. येताना दोन पेट्या, एक शिवणयंत्र आणि एक बंद पडलेला रेडिओ आणला होता. तो रेडिओ वडिलांनी कधी टाकू दिला नाही. त्यावर त्यांनी १९५८ सालचा कानपूरचा सामना ऐकला होता. इंग्रजी समालोचन, त्यांना त्यातले नावे आणि आकडे तेवढे कळत. परंतु एका डावात वेस्ट इंडीजचे नऊ गडी एकट्या गुप्त्यांनी बाद केले हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा, आणि दहाव्या गड्याचा झेल यष्टिरक्षकाच्या हातून सुटला हे सांगताना उतरायचा. १०२ धावांत ९ बळी. दहावा मिळाला तो रांजण्यांना. सामना मात्र आपण २०३ धावांनी हरलो. वडिलांच्या सांगण्यात ही हार कधी यायची नाही. ती मला पुढे वाचनालयात समजली. माझे शाळेतले शिक्षण दहावीला संपले. त्यापुढचे सगळे वाचनालयात झाले आणि काही लेबर कोर्टाच्या बाकड्यांवर.

वाचता वाचता एके ठिकाणी असे आढळले की १९५४ ते १९५७ या काळात गुप्ते उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये रिश्टन नावाच्या गावच्या क्लबाकडून पगारी खेळाडू म्हणून खेळत. रिश्टन हे लँकेशायरमधले, ब्लॅकबर्न आणि ॲक्रिंग्टन यांच्यामधले लहानसे गाव. लँकेशायर म्हणताच गिरणी कामगाराच्या मुलाचे कान टवकारणारच. मँचेस्टरच्या आसपासचा हा सगळा मुलूख कापसाच्या गिरण्यांचा. आपल्या गिरण्यांतली जुनी यंत्रे तिथून आली, जॉबरच्या तोंडचे निम्मे शब्द तिथून आले. रिश्टन हे तर कॅलिको कापड विणणारे जुने गाव, आणि कॅलिको हे नाव पडले आपल्या कालिकतवरून. आपल्या किनाऱ्यावरचे कापड तिकडे गेले, तिथे यंत्रावर विणले गेले, आणि तेच फिरून आपल्या विणकराच्या पोटावर आले. ही गोष्ट आपल्याला शाळेत शिकवली आहे. तिच्यात पुन्हा शिरत नाही.

या गिरण्यांच्या गावांनी १८९२ साली आपली एक क्रिकेट स्पर्धा सुरू केली, तिला लँकेशायर लीग म्हणतात. नेल्सन, बर्न्ली, कोल्न, बेकप, हॅस्लिंग्डन, रॉटेनस्टॉल, रिश्टन अशी चौदा गावे, एकमेकांपासून बसच्या अंतरावर. गिरणीची शनिवारी अर्धी सुटी. दुपारी भोंगा झाला की माणसे जेवून मैदानावर. लॉर्ड्सवर चालणारे अनेक दिवसांचे क्रिकेट पाहायला ज्यांना ना सवड ना पैसा, त्यांनी एका दुपारीत निकाल लागणारे क्रिकेट उभे केले. आज त्याच तऱ्हेचे क्रिकेट रात्री दिव्यांखाली चालते आणि त्यात कोट्यवधींची उलाढाल होते. ते कामगारांच्या सोयीतून निघाले, याची आठवण कोणी ठेवलेली दिसत नाही.

या लीगचा एक नियम मला फार आवडतो. प्रत्येक संघात दहा खेळाडू गावचे : विणकर, फिटर, दुकानदार, शिक्षक. अकरावा तेवढा पगारी. त्याला ते 'प्रो' म्हणत. एकच, जास्त नाही. त्याचा पगार गावकऱ्यांच्या वर्गणीतून आणि तिकिटाच्या पैशांतून निघे. म्हणून त्याच्यावर नजर साऱ्या गावाची. त्याने शनिवारी बळी घ्यायचे, धावाही काढायच्या, आणि आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी गावच्या पोरांना शिकवायचेही. त्याने अर्धशतक काढले की प्रेक्षकांत डबा फिरे आणि लोक त्यात नाणी टाकत. ही झाली वरकमाई. पाऊस पडला, सामना बुडाला, तर डबा रिकामा. आपल्याकडे पीस-रेटवर काम करणाऱ्याला हा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको.

या नोकरीची खरी प्रतिष्ठा वाढवली ती त्रिनिदादच्या लिअरी कॉन्स्टंटाइन यांनी. १९२९ ते १९३७ ते नेल्सनचे प्रो होते. गुलामांच्या वंशातला हा काळा माणूस गोऱ्या गिरणी कामगारांच्या गावात राहिला, तिथे रात्री जागून कायद्याचा अभ्यास केला, आणि १९६९ साली ब्रिटिश उमरावांच्या सभागृहात जाऊन बसला. त्याच काळात, १९३१ च्या सप्टेंबरात, गांधीजी लँकेशायरला गेले होते. आपल्या बहिष्कारामुळे ज्यांची कामे गेली त्याच गिरणी कामगारांना ते डार्वेनला भेटले, आणि त्या बायाबापड्यांनी त्यांचे हसून स्वागत केले. त्या भेटीचे छायाचित्र प्रसिद्धच आहे. त्यानंतर थोड्याच वर्षांत आपले अमरसिंग कोल्नचे प्रो झाले. कापडाच्या बाजारात एकमेकांच्या उरावर बसलेले दोन मुलूख, आणि एकाच्या मैदानावर दुसऱ्याचा माणूस पगारावर! मोठी मौज आहे.

महायुद्धानंतर आपल्याकडून जाणारे वाढले. सांगलीत जन्मलेले विजय हजारे १९४९ च्या सुमारास रॉटेनस्टॉलकडून खेळले. वेस्ट इंडीजचे वीक्स बेकपला, वॉलकॉट एनफील्डला. अशा गोतावळ्यात १९५४ साली चोवीस वर्षांचे गुप्ते रिश्टनला दाखल झाले.

का गेले? याचे उत्तर सोपे आहे. इकडे पोट भरत नव्हते. त्या काळचे आपले कसोटी खेळाडू पुढे आठवणी सांगताना एका कसोटीला अडीचशे रुपये मिळत असे सांगत. वर्षात कसोट्या किती? कधी पाच, कधी एकही नाही. एरवी एखाद्या कंपनीत किंवा संस्थानिकाच्या पदरी नोकरी, आणि तीही खेळ आहे तोवर. गुप्ते स्वतः मुंबई, बंगाल, राजस्थान अशा तीन संघांकडून रणजी सामने खेळले. हौस म्हणून माणूस इतकी बिऱ्हाडे बदलत नाही. रिश्टनचा करार म्हणजे निदान पाच महिन्यांचा बांधलेला पगार. आकड्यात किती ते तुमच्या-माझ्या दृष्टीने महत्त्वाचे नाही. कागदावर लिहून मिळालेला पगार आणि कोणाच्या मर्जीवर मिळालेला भत्ता यांतला फरक महत्त्वाचा आहे.

त्यासाठी किंमत काय द्यावी लागे तेही पाहा. एप्रिलअखेर ते सप्टेंबर इंग्लंडात, ऑक्टोबर ते फेब्रुवारी इकडे. मनगटाला विसावा नाही. लेगस्पिन हे कारागिरीचे काम. त्याला कोरडी, टणक खेळपट्टी लागते आणि चपळ झेल घेणारे सोबती लागतात. लँकेशायरात पाऊस, थंडी, बोटे बधिर. आणि झेल घेणारे कोण? आठवडाभर मागावर उभे राहून शनिवारी मैदानावर आलेले हौशी गडी. ज्यांची गुगली वीक्ससारख्यांना उमजायला वेळ लागे, ती हौशी यष्टिरक्षकाला कुठून उमजणार? चेंडू फलंदाजाला फसवून जायचा आणि यष्टिरक्षकालाही फसवून जायचा. मी लँकेशायर पाहिलेले नाही, मला इंग्रजीही बेताचे येते. परंतु नवशिक्या हेल्परला बरोबर घेऊन चांगल्या कारागिराला उत्पादनाचा आकडा पुरा करावा लागतो तेव्हा त्याची काय दशा होते, ती मी आनंदनगरच्या एमआयडीसीत रोज पाहतो. गुप्ते तरी रिश्टनला एक नव्हे, चार हंगाम टिकले आणि पुढे लँकेशायरातल्याच दुसऱ्या क्लबांकडूनही खेळले. ज्या नोकरीत दर शनिवारी साऱ्या गावासमोर परीक्षा, तिथे चार वर्षे करार होत राहिला, यापरते प्रशस्तिपत्र ते कोणते?

आणि ही नोकरी चालू असतानाच त्यांची भारतासाठीची कामगिरी सर्वांत चढती होती. १९५३ साली वेस्ट इंडीजच्या दौऱ्यात २७ बळी घेऊन झाले होते. तिथल्या लोकांनी आपल्या फर्ग्युसन नावाच्या लेगस्पिनरवरून त्यांना 'फर्गी' हे लाडके नाव दिले होते. १९५४ च्या डिसेंबरात ब्रेबर्नवर पाकिस्तानी संघाविरुद्ध मुंबईकडून खेळताना एका डावातले दहाही गडी ७८ धावांत. त्यानंतरच्या पाकिस्तान दौऱ्यात २१ बळी. १९५५-५६ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध ३४. पगार घेऊन खेळणारा माणूस देशासाठी कमी खेळतो, असे म्हणणाऱ्यांनी हे आकडे एकदा खाली मांडून पाहावेत.

असे म्हणणारे होते, आणि ते साधेसुधे नव्हते. इंग्लंडात तर त्यांनी याचा धर्मच बनवला होता. बिनपगारी ते 'जंटलमन', पगारी ते 'प्लेअर'. मैदानात शिरायची दारे वेगळी, कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या. धावफलकाच्या छापील कागदावर जंटलमनची आद्याक्षरे नावाआधी, प्लेअरची नावानंतर. आपल्याकडे पंगतीत पाट वेगळे मांडत, त्यातलाच हा प्रकार. १९६२ च्या हंगामानंतर हा भेद त्यांनी काढून टाकला. परंतु त्याच्या दहा वर्षे आधी, १९५२ साली, लेन हटन हा पगारी खेळाडू इंग्लंडचा कर्णधार झाला. विसाव्या शतकात असे प्रथमच घडले म्हणून तिकडे गहजब झाला. ती मालिका कोणाविरुद्ध होती? आपल्याच विरुद्ध.

आणि त्याच मालिकेत आपल्या क्रिकेट मंडळाने एका पगारी खेळाडूशी काय केले, ते सांगितल्याशिवाय गुप्त्यांचे प्रकरण नीट कळणार नाही. विनू मंकड हे तेव्हा जगातले एक श्रेष्ठ अष्टपैलू. १९५२ च्या फेब्रुवारीत मद्रासला भारताने आपल्या इतिहासातला पहिला कसोटी विजय मिळवला, तो त्यांच्या १२ बळींच्या जोरावर. त्या मालिकेत त्यांनी ३४ बळी घेतले होते. काही महिन्यांनी इंग्लंडचा दौरा. हॅस्लिंग्डन क्लबाने मंकडना प्रो म्हणून बोलावले होते. मंकडनी मंडळाला विचारले, दौऱ्यासाठी माझी निवड नक्की करता का? तसे असेल तर मी करार करत नाही. मागणे अवघे एवढे. मंडळाने म्हटले, आम्ही कोणालाही हमी देत नाही. मंकडनी करारावर सही केली. संघ त्यांच्यावाचून गेला. लीड्सच्या पहिल्या कसोटीत दुसऱ्या डावात आपले चार गडी बाद झाले तेव्हा फलकावर धाव एकही नव्हती. मग मंडळाची धावाधाव. हॅस्लिंग्डनच्या दारात जाऊन विनवणी करून मंकडना सामन्यांपुरते सोडवून आणले. लॉर्ड्सच्या कसोटीत त्यांनी ७२ आणि १८४ धावा काढल्या आणि दोन्ही डावांत मिळून ९७ षटके टाकली. सामना आपण हरलोच. पण आजही लोक त्याला मंकडचा सामना म्हणतात.

मालकाची ही तऱ्हा आपल्याला चांगली ओळखीची आहे. कायम करा म्हटले की 'तुमच्यावाचून काही अडत नाही', आणि मशीन बंद पडले की रात्री बारा वाजता घरी माणूस पाठवायचा.

मंकडना निदान नडीला बोलावले. गुप्त्यांना तेही नाही.

१९६१ च्या डिसेंबरात इंग्लंडचा संघ भारतात होता. कानपूरच्या दुसऱ्या कसोटीत गुप्त्यांनी ९० धावांत ५ गडी बाद केले आणि भारताविरुद्ध इंग्लंडवर फॉलो-ऑनची पाळी प्रथमच आली. त्यानंतर दिल्लीची कसोटी. संघ उतरला होता इम्पीरियल हॉटेलात. गुप्ते आणि ए. जी. कृपालसिंग यांना मिळून एक खोली होती. हॉटेलातल्या स्वागतकक्षातल्या एका महिलेने तक्रार केली की या खोलीतून दूरध्वनी करून आपल्याला कामानंतर भेटण्यास बोलावण्यात आले. त्या महिलेला तक्रार करण्याचा पुरा अधिकार होता, हे मी प्रथम सांगतो. नोकरीवरच्या बाईला अवेळी बोलावणे हे आम्ही युनियनवाले खपवून घेत नाही, मग बोलावणारा कसोटीपटू असो की सुपरवायझर. परंतु दूरध्वनी गुप्त्यांनी केला असे कोणाचे म्हणणे नव्हते. खोली एक, एवढाच त्यांचा संबंध. मंडळाने दोघांनाही संघातून दूर केले. पुढे गुप्त्यांनी सांगितलेली हकीकत अशी, की मंडळाच्या लोकांसमोर आपण हे काम केले नाही असे त्यांनी म्हटले तेव्हा त्यांना विचारण्यात आले, मग तुम्ही त्याला अडवले का नाही?

हा प्रश्न मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून खाली ठेवले. कारण तो मी आधी ऐकलेला होता.

इथल्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका रसायनाच्या कारखान्यात, नाव सांगत नाही, रात्रपाळीला दोन कामगार एका खात्यात होते. त्यातल्या एकाला झोप लागली आणि भट्टीतला माल बिघडला. दुसरा चोवीस वर्षांचा पोरगा त्याच खात्यात, दुसऱ्या टोकाला, आपले काम करत होता. आरोपपत्र दोघांना. चौकशीत त्या पोराच्या बाजूने बसलो होतो मी. चौकशी अधिकाऱ्याने त्याला विचारले, "तू त्याला उठवले का नाहीस?" पोराने माझ्याकडे पाहिले. मला वाटले, हा प्रश्नच इतका वेडगळ आहे की उत्तराची गरज नाही. दुसऱ्याला उठवणे हे त्याचे काम नाही, त्याला तो दिसतही नव्हता, हे मी कागदावर नोंदवून घ्यायला हवे होते. प्रश्नालाच हरकत घ्यायला हवी होती. मी काही केले नाही. निकालात ओळ आली : आरोपीने या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर दिले नाही. दोघेही कमी झाले. पोरगा आता बदलापूर स्टेशनाबाहेर रिक्षा चालवतो. भेटला की हसतो, 'साहेब, बसा' म्हणतो, पैसे घेत नाही. त्याने पैसे घेतले असते तर मला बरे वाटले असते.

तर गुप्त्यांच्या प्रकरणाकडे मी पाहतो तो असा, चौकशीच्या कागदांची सवय असलेल्या माणसाच्या नजरेने. १९४६ साली आपल्या देशात स्थायी आदेशांचा कायदा झाला होता. कामगाराला काढायचे तर त्याच्यावरचा आरोप लेखी द्या, त्याला खुलासा करण्याची संधी द्या, हे त्या कायद्याखालच्या नमुना आदेशांत लिहिलेले होते. म्हणजे १९६१ साली लालबागच्या गिरणीतल्या बदली कामगारामागेही कागदोपत्री काहीतरी आधार होता. भारतातर्फे १४९ बळी घेणाऱ्या माणसामागे मात्र एवढाही नव्हता. का? तर तो कामगार नव्हता म्हणून. त्याला कोणी नोकरीवर ठेवलेच नव्हते. त्याला 'मान' दिलेला होता. आणि जो मान देतो त्याला तो काढून घेण्यास कारण द्यावे लागत नाही. रिश्टन क्लबाने त्याला मान दिला की नाही कोण जाणे. पण करार दिला होता. त्या कराराच्या दोन्ही बाजूंना सही होती.

काही मंडळी म्हणतात, तेव्हा शिस्तीचा प्रश्न होता, परदेशी पाहुणे हजर होते, मंडळाला अब्रू सांभाळायची होती. मान्य. परंतु शिस्त म्हणजे ज्याने केले त्याला शिक्षा. ज्याने केले नाही त्यालाही त्याच दोरीने बांधणे याला आमच्यात दहशत म्हणतात. शिवाय पुढचे पाहा. कृपालसिंग काही काळाने भारतीय संघात परत आले आणि १९६४ पर्यंत कसोटी खेळले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माणसाची चूक होते, शिक्षा भोगून तो परत येतो, हे योग्यच आहे. पण मग गुप्ते?

दिल्लीची कसोटी ही त्यांची शेवटची. त्या मालिकेतल्या पुढच्या दोन्ही कसोट्या, कलकत्त्याची आणि मद्रासची, भारताने जिंकल्या. इंग्लंडविरुद्ध मालिका जिंकण्याची आपली ती पहिलीच वेळ. ज्यांनी कानपूरला इंग्लंडला फॉलो-ऑन दिला ते गुप्ते त्या आनंदात नव्हते. लगेच १९६२ च्या आरंभी संघ वेस्ट इंडीजला निघाला. ज्या खेळपट्ट्यांवर त्यांनी नऊ वर्षांपूर्वी २७ बळी घेतले होते, जिथली माणसे त्यांना फर्गी म्हणत, तिथे जाणाऱ्या संघात त्यांचे नाव नव्हते. त्या दौऱ्यात आपण पाचही कसोट्या हरलो. बार्बाडोसला कर्णधार कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला चेंडू लागून ते मरता मरता वाचले आणि एकवीस वर्षांच्या पतौडींवर कर्णधारपद येऊन पडले. गुप्ते असते तर मालिका जिंकलो असतो असे मी म्हणणार नाही. 'असते तर' हा युक्तिवाद लेबर कोर्टात चालत नाही, इतिहासातही चालू नये.

तेव्हा गुप्त्यांचे वय बत्तीस. लेगस्पिनर या वयात पिकतो. पण त्यांनी इकडचे दार लावून घेतले आणि त्रिनिदादला जाऊन राहिले. १९५३ च्या दौऱ्यात तिथल्याच एका मुलीशी त्यांची ओळख झाली होती आणि पुढे लग्नही. तेव्हा सासुरवाडीच्या आधाराने ते गेले, असे म्हणता येईल. त्रिनिदादकडूनही ते प्रथम दर्जाचे क्रिकेट खेळले. एकूण प्रथम दर्जाचे बळी ५३०.

त्रिनिदाद हे नाव आले म्हणून एक जाताजाता सांगतो. १८४५ साली 'फातेल रझाक' नावाचे जहाज तिथल्या किनाऱ्याला लागले. त्यात आपल्याकडचे गिरमिटिया मजूर होते. गिरमिट म्हणजे ॲग्रिमेंट, करार. अंगठा उठवून घेतलेला, पाच वर्षे उसाच्या मळ्यात बांधून टाकणारा. त्यांच्याच नातवंडा-पणतवंडांच्या वस्तीत हा मुंबईचा करारी खेळाडू जाऊन स्थिरावला. करार माणसाला बांधतो आणि करार माणसाला वाचवतोही. कोणत्या बाजूने लिहिला आहे त्यावर ते ठरते. मला हे आपल्या नेहमीच्या वेतनकरारांतून कळले होते. गुप्त्यांच्या आयुष्यात ते मला समुद्राच्या दोन्ही काठांवर दिसले.

इकडे रिश्टनचे काय झाले? १९५८ च्या सुमारास इंग्लंड कापड विकण्यापेक्षा बाहेरून जास्त घेऊ लागला. त्यात आपले कापडही होते. १९५९ साली त्यांच्या सरकारने कायदा करून गिरण्यांना जुने माग आणि चात्या मोडीत काढण्यासाठी पैसे दिले. गिरण्या बंद होत गेल्या. उरल्या त्यांत रात्रपाळीला पाकिस्तानातून आणि भारतातून गेलेले कामगार उभे राहिले. क्लब मात्र टिकला. १९८१ साली मायकेल होल्डिंग त्याचे प्रो होते, १९८७ साली व्हिव्ह रिचर्ड्स. लालबागच्या गिरण्यांच्या जागी आता काय उभे आहे ते तुम्ही लोकलमधून पाहताच. तिथल्या खेळाच्या मंडळांपैकी किती उरली, हे मोजायला एकदा कोणीतरी बसावे.

क्रिकेट मंडळाने गुप्त्यांना पुढे सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. तो २००० सालचा. दिल्लीच्या त्या प्रकरणाला तेव्हा अडतीस-एकोणचाळीस वर्षे झाली होती आणि गुप्त्यांनी सत्तरी ओलांडली होती. आमच्या एका सभासदाला कामावर परत घेण्याचा निवाडा तो निवृत्तीच्या वयाच्या पुढे गेल्यावर आला, त्याची मला आठवण झाली. तो निवाड्याचा कागद त्याने काचेच्या चौकटीत लावला आहे. ३१ मे २००२ रोजी गुप्ते पोर्ट ऑफ स्पेन येथे वारले.

वडील तेव्हा हयात होते. बातमी मी त्यांना वर्तमानपत्रातून वाचून दाखवली. रिश्टनचे, दिल्लीच्या हॉटेलाचे त्यांना ठाऊक नव्हते, मी सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पण त्या खोलीत दुसरा माणूस कोणी ठेवला होता, ते विचारलं का कोणी?" चाळीस वर्षे गिरणीत काढलेल्या माणसाचा प्रश्न होता. खोल्या वाटून देणारा तो, आणि अडवले का नाही म्हणून विचारणाराही तोच. मला इतक्या वर्षांच्या चौकश्यांत हे सुचले नव्हते. मी त्या पोराच्या चौकशीतही विचारले नव्हते, की रात्रपाळीला त्या खात्यात तीन माणसे लागतात तिथे दोनच का लावली होती.

वेळ झाल्याची चिठ्ठी अध्यक्षांनी माझ्यापुढे सरकवली आहे.